तिळाच्या उत्पादनवाढीचा प्रश्न व वाणसुधारणेची दिशा

प्रास्ताविक

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना जळक्या धान्यकणांचा परिचय नवा नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे या संस्थेने १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीतून जव व इतर धान्यांचे अवशेष हाती आले. असे अवशेष मिळाले म्हणजे अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की हे धान्य रानातून गोळा केलेले की शेतात पिकविलेले? जवाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा कणसाच्या दांडीच्या लहानशा तुकड्यावरून देता येते. रानटी जवाचे कणीस पिकताच सांध्यांतून आपोआप सुटते व सांध्यावर गुळगुळीत व्रण राहतो. लागवडीच्या जवाचे कणीस मळणीच्या माराशिवाय तुटत नाही, म्हणून त्याचा व्रण ओबडधोबड असतो. पिकलेले बी आपणहून न सांडणे ही धान्य माणसाच्या स्वाधीन झाल्याची खूण होय.

हाच प्रश्न तिळाविषयी विचारला असता मात्र अशी खूण हाती लागत नाही. तिळाचे बोंड वाळले म्हणजे आजही टोकाकडून उकलते आणि त्यातील दाणे भुईवर पडतात. चार हजारांहून अधिक वर्षे माणसाच्या शेतात वाढूनही या झाडाने आपली रानातील सवय सोडलेली नाही. तिळाचे उत्पन्न इतर तेलबियांच्या मानाने कमी का आणि ते वाढविण्याचे प्रयत्न कोठे अडतात, याचा विचार करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. झाडाने निर्माण केलेले बी आणि शेतकऱ्याच्या पदरात पडलेले बी या दोन निराळ्या राशी आहेत, आणि तिळाच्या वाणसुधारणेत या दोहोंचाही हिशेब करावा लागतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तीळ लागवडीखाली कसा आला

लागवडीच्या तिळाचे शास्त्रीय नाव सेसॅमम इंडिकम असे असून त्याच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. या वंशातील पुष्कळ रानटी जाती आफ्रिकेत आढळत असल्यामुळे तिळाचे मूळ स्थान आफ्रिका असावे, असे पूर्वी मानले जात असे. परंतु भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर व अन्यत्र आढळणारा सेसॅमम मलबारिकम हा रानटी तीळ लागवडीच्या तिळाला सर्वांत जवळचा आहे. दोहोंची गुणसूत्रसंख्या एकच असून त्यांचा संकर घडतो आणि संतती जननक्षम निपजते. बियांतील सेसॅमिन व सेसॅमोलिन या द्रव्यांच्या तुलनेचा पुरावाही याच दिशेने जातो. डोरोथिया बेडिजियन व जॅक हार्लन यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात या विषयाची साधार मांडणी केल्यापासून तिळाचे घर भारतीय उपखंड हेच होय, हे मत बहुतेकांना मान्य झाले आहे. माधो सरूप वत्स यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या हडप्पा येथील उत्खननाच्या वृत्तांतात जळून गोळा झालेल्या तिळाची नोंद आहे. भाषेची साक्षही येथे दुर्लक्षिण्याजोगी नाही. ‘तिल’ या शब्दापासून ‘तैल’ झाले व तैलापासून आपले ‘तेल’. म्हणजे शेंगदाण्याचे असो वा करडईचे, प्रत्येक तेलाच्या नावात तीळ आहेच.

रानटी तिळाचे बी खरखरीत कवचाचे असते आणि ते दीर्घकाळ सुप्तावस्थेत राहते. लागवडीच्या तिळाचे बी नितळ, पातळ कवचाचे असून पेरताच उगवते. याचा अर्थ, बियाची सुप्तता, कवच, रंग व आकार या बाबतींत शेतकऱ्याची निवड सफल झाली, परंतु बोंड उघडण्याच्या बाबतीत ती झाली नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर कापणीच्या रीतीत शोधणे सयुक्तिक ठरेल. जव किंवा गहू उभ्या शेतात पूर्ण वाळल्यावर विळ्याने कापला जातो. ज्या कणसांतील दाणे आधीच गळून गेले ती आपोआप वगळली जातात आणि न गळणाऱ्या कणसांचेच बी पुढील वर्षी पेरले जाते. अशा रीतीने शेतकऱ्याने हेतुपुरस्सर काही न करताही पिढ्यानुपिढ्या निवड होत राहते. तिळाची गोष्ट वेगळी आहे. खालची बोंडे पिवळी पडू लागताच, ती उकलण्यापूर्वीच, शेतकरी झाडे कापतो, त्यांच्या पेंढ्या बांधून खळ्यावर उभ्या रचतो आणि बोंडे उन्हात उकलल्यावर पेंढ्या उलट्या धरून झटकतो. या रीतीत बोंडाचे उकलणे हा दोष नसून सोय आहे. बोंड उघडले नाही तर बी निघणार कसे? म्हणजे न उघडणारे बोंड क्वचित उपजले असते तरी खळ्यावर त्याचे बी मागे राहिले असते आणि पेरणीच्या बियाण्यात त्याचा शिरकाव झाला नसता. शेतकऱ्याचा हातच उघडणाऱ्या बोंडाच्या बाजूने निवड करीत आला आहे.

झाडाची रचना आणि उत्पन्नाचा हिशेब

तिळाचे फूल पानाच्या बगलेत येते. प्रत्येक बगलेत एक किंवा तीन बोंडे धरतात. एक बोंड असणे हा गुण तीन बोंडे असण्यावर प्रभावी आहे. सामान्य बोंडात चार कप्पे असतात, काही प्रकारांत आठ असतात, आणि येथेही चार कप्प्यांचा गुण प्रभावी आहे. फांद्या फुटणे हे न फुटण्यावर प्रभावी ठरते. या प्रत्येक गुणाचे नियंत्रण मुख्यतः एकेका जनुकाकडे असल्याने मेंडेलच्या नियमांचा अभ्यास करण्यास तीळ ही वनस्पती सोयीची आहे. परंतु उत्पन्न हा गुण असा एका जनुकाच्या स्वाधीन नाही. तो अनेक घटकांचा गुणाकार आहे, आणि गुणाकारातील एक संख्या वाढविली म्हणजे दुसरी पुष्कळदा आपोआप घटते.

हा गुणाकार एकदा प्रत्यक्ष करून पाहणे उद्बोधक होईल. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन झाडांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले असता हेक्टरी सुमारे २ लाख २२ हजार झाडे बसतात. प्रत्येक झाडावर ४० बोंडे, बोंडात ६० दाणे आणि हजार दाण्यांचे वजन ३ ग्रॅम धरले तर एका झाडाचे बी ७.२ ग्रॅम व हेक्टरी उत्पन्न १,६०० किलो होते. यांतील एकही आकडा अवास्तव नाही. चांगल्या शेतात यांपैकी प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पाहावयास मिळतो. आता शेतकऱ्याच्या शेतातील स्थिती घेऊ. पावसाने दडी मारल्याने वा पाणी साचल्याने झाडे १ लाख ५० हजार राहिली, बोंडे २५ धरली, बोंडात ५० दाणे भरले आणि हजार दाण्यांचे वजन २.८ ग्रॅम झाले, तर हेक्टरी उत्पन्न ५२५ किलो होते. कोणत्याही एका घटकात निम्म्यानेसुद्धा घट झालेली नाही, तरीही गुणाकार तिसऱ्या हिश्श्यावर आला. त्यातून कापणीच्या वेळी दहावा भाग भुईवर सांडला असे धरले तर हाती ४७२ किलो राहतात. भारतातील तिळाचे सरासरी उत्पन्न हेक्टरी चारशे ते पाचशे किलोंच्या आसपास राहत आले आहे. चीनमध्ये ते याच्या दुपटीहून अधिक आहे. आपल्या उदाहरणातील आकडे कल्पिलेले असले तरी ते वस्तुस्थितीपासून फार दूर नाहीत, हे यावरून दिसून येईल.

आठ कप्प्यांचे बोंड निवडले तर उत्पन्न दुप्पट होईल, असा मोह नवीन अभ्यासकास होतो. प्रत्यक्षात कप्पे दुप्पट झाले तरी भरलेले दाणे त्या प्रमाणात वाढत नाहीत, व दाणा बहुधा बारीक राहतो. बगलेत तीन बोंडे धरणाऱ्या प्रकारांतही मधले बोंड आधी व जोमाने वाढते आणि बाजूची दोन मागाहून, आकाराने लहान अशी येतात. पाने जेवढे अन्न तयार करतात तेवढेच बोंडांत वाटले जाणार. वाटेकरी वाढविल्याने वाटा वाढत नाही. एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ल्याची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण झाडाच्या बाबतीत अशा वाटणीतून सात पोचट दाणे निपजतात.

निवड आणि तिच्यातील फसगत

तिळाच्या पैदाशीचा आरंभ सर्वत्र देशी वाणांच्या वर्गीकरणाने व त्यांतून शुद्ध वंश निवडण्याने झाला. भारतीय तिळाच्या प्रकारांचे काशी राम यांनी केलेले वर्गीकरण १९३० साली प्रसिद्ध झाले. पुढे १९६१ मध्ये भारतीय मध्यवर्ती तेलबिया समितीने डॉ. अ. भि. जोशी यांचा तिळावरील ग्रंथ हैदराबादहून प्रकाशित केला. तोवरच्या सर्व माहितीचे संकलन त्यात असल्याने त्यानंतरच्या अभ्यासकांना तो दीर्घकाळ आधारभूत ठरला. डॉ. जोशी हे पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

शेतातून फिरून उत्तम झाडे निवडावीत व त्यांचे बी वेगळे पेरावे, ही निवडीची पद्धत वरवर सोपी वाटते. परंतु तिळात ती फसवी आहे. बांधाजवळ किंवा जेथे शेजारची झाडे मेली आहेत तेथे उभे असलेले झाड मोकळी जागा, ऊन व ओल मिळाल्याने फांद्या फोडते आणि त्यावर शंभराहून अधिक बोंडे धरतात. निरीक्षकाची नजर त्याच झाडावर खिळते. पण त्या झाडाचे बी दाट ओळीत पेरले म्हणजे त्याची संतती इतरांसारखीच निघते, कारण तेथे दिसलेला मोठेपणा जागेचा होता, जनुकांचा नव्हता.

या फसगतीचे माप संख्याशास्त्राने देता येते. समजा, एखाद्या संकराच्या दुसऱ्या पिढीत दर झाडाला सरासरी ४० बोंडे आहेत आणि आपण सरासरी ८० बोंडांची झाडे निवडली. निवडीतील फरक ४० बोंडांचा झाला. या गुणाची आनुवंशिकता पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे ०.२ असेल, तर पुढील पिढीची सरासरी ४० च्या पाचव्या हिश्श्याने, म्हणजे केवळ ८ बोंडांनी वाढून ४८ होईल. उरलेली ३२ बोंडे परिस्थितीची देणगी होती आणि ती परिस्थितीबरोबरच गेली. फुलोऱ्याचा काळ, झाडाची उंची यांसारख्या गुणांची आनुवंशिकता सामान्यतः अधिक असते. एका झाडाच्या उत्पन्नाची कमी असते. म्हणूनच आरंभीच्या पिढ्यांत झाडाच्या एकूण बियांच्या वजनावर निवड न करता लवकर फुलणे, पहिले बोंड जमिनीपासून कमी उंचीवर लागणे, बोंडे जवळजवळ असणे, रोगमुक्तता अशा गुणांवर निवड करावी आणि उत्पन्नाचा निकाल पुढील पिढ्यांतील ओळींच्या पुनरावृत्त चाचण्यांवर सोपवावा, हे अधिक श्रेयस्कर होय. अशा चाचण्यांची आखणी व विश्लेषण आपल्याकडील संशोधकांनी ज्या ग्रंथावरून शिकले तो डॉ. वि. गो. पानसे व डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा कृषिसंशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय ग्रंथ १९५४ साली प्रथम प्रसिद्ध झाला. दोघेही महाराष्ट्राचे, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

उत्पन्नाशी कोणत्या गुणाचा किती संबंध आहे हे पाहण्यासाठी सहसंबंधगुणांकाच्या जोडीला मार्ग-विश्लेषणाची पद्धत वापरतात. एखाद्या गुणाचा उत्पन्नावरील प्रत्यक्ष परिणाम व दुसऱ्या गुणाच्या द्वारे होणारा अप्रत्यक्ष परिणाम या पद्धतीने वेगळे करता येतात. तिळावर अशी विश्लेषणे अनेक ठिकाणी झाली असून त्यांतील बहुसंख्य निष्कर्षांत दर झाडाची बोंडसंख्या हाच उत्पन्नाचा प्रमुख घटक ठरला आहे. झाडाच्या उंचीचा उत्पन्नाशी दिसणारा संबंध पुष्कळदा बोंडसंख्येच्या द्वारेच असतो. उंच झाडावर बोंडांना जागा अधिक, एवढाच त्याचा अर्थ. बोंडे न वाढता नुसतीच उंची वाढली तर झाड लोळण्याचा धोका मात्र पदरी येतो.

संकर

दोन वाणांतील चांगले गुण एकत्र आणण्यासाठी संकर करावा लागतो, आणि या कामी तिळासारखे सोयीचे पीक क्वचितच सापडेल. तिळाचे फूल नळीसारखे असून त्याचे चार पुंकेसर पाकळ्यांच्या नळीलाच चिकटलेले असतात. उद्या उमलणारी कळी आज सायंकाळी हेरून तिची नळी हलक्या हाताने ओढून काढली की परागकोशही तिच्याबरोबर निघून येतात व कुक्षी अबाधित राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी इच्छित वाणाचे पराग तीवर लावून फूल झाकले म्हणजे संकर पुरा झाला. एका फुलापासून पन्नास-साठ बिया मिळतात. तीळ मुख्यतः स्वपरागित असला तरी मधमाश्यांच्या वावराप्रमाणे परपरागाचे प्रमाण बदलते. म्हणून शुद्ध बियाण्यासाठी फुले झाकणे अथवा वाणांत पुरेसे अंतर ठेवणे आवश्यक असते.

पहिल्या पिढीतील संकरज ओज तिळात दिसून येते, ही गोष्ट डॉ. बी. पी. पाल यांनी १९४५ मध्ये हरभरा, तीळ, मिरची व मका यांवरील अभ्यासात नोंदविली होती. परंतु हाताने केलेल्या संकराचे बियाणे शेतकऱ्यास परवडेल इतके स्वस्त होऊ शकत नाही. त्यासाठी पराग निर्माण न करणारी, म्हणजे नर-वंध्य, झाडे हवीत. जनुकीय नर-वंध्यत्व तिळात १९८२ च्या सुमारास उस्मान व यर्मानोस यांनी वर्णिले आणि चीनमध्ये या प्रकारच्या वंध्यत्वाच्या आधारे संकरित तीळ तयार झाले. या पद्धतीची अडचण अशी की बीजोत्पादनाच्या क्षेत्रातील मादी ओळींत निम्मी झाडे जननक्षम निघतात व ती फुलताच ओळखून उपटावी लागतात. पेशीद्रव्यातून येणाऱ्या नर-वंध्यत्वात ही अडचण उरत नाही. त्याचा शोध सेसॅमम मलबारिकमशी केलेल्या संकरांतून घेण्यात आला आहे. ज्या रानटी आप्ताने तिळाला जन्म दिला त्याच्याकडेच पैदासकाराला पुन्हा जावे लागते, हे लक्षणीय आहे. ३२ वा ६४ गुणसूत्रांच्या दूरच्या जातींत रोगप्रतिकारासारखे उपयुक्त गुण असले तरी त्यांच्याशी केलेला संकर सहसा वंध्य राहतो.

महाराष्ट्रातील वाण

१९६७ मध्ये तेलबियांवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. पुढे तीळ व कारळा यांच्या समन्वयाचे केंद्र जबलपूर येथे राहिले. महाराष्ट्रात या पिकावर विशेष काम झाले ते जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात व अकोल्याच्या कृषी विद्यापीठात. जळगावहून फुले तीळ क्रमांक १, तापी, पद्मा व जेएलटी-४०८ हे वाण निघाले. अकोल्याचे एकेटी-६४ व एकेटी-१०१ हे वाण विदर्भात परिचित आहेत. यांपैकी एकेटी-१०१ हा पांढऱ्या दाण्याचा वाण उन्हाळी हंगामासाठी उपयोगी आहे. त्यांपूर्वीचा एन-८ हा वाण अर्धरब्बी हंगामातील असून त्यास सुमारे १२० दिवस लागतात.

जळगावच्या वाणांची कृषी शिफारशींत दिली जाणारी वर्णने एकापुढे एक ठेवली म्हणजे पैदाशीची दिशा स्पष्ट होते. फुले तीळ क्रमांक १ हा ९०–९५ दिवसांत तयार होऊन हेक्टरी ५००–६०० किलो देतो. तापी ८०–८५ दिवसांत ६००–७०० किलो, पद्मा ७२–७८ दिवसांत ६५०–७५० किलो आणि जेएलटी-४०८ हा ८१–८५ दिवसांत ७५०–८०० किलो, अशी अपेक्षा सांगितली जाते. मधला आकडा घेऊन दिवसांनी भागले असता पहिल्या वाणाचे उत्पन्न दर दिवशी सुमारे ६ किलो पडते. पद्मा व जेएलटी-४०८ यांचे ९ किलोंहून थोडे अधिक. हे आकडे एकाच वर्षाच्या, एकाच शेतातील चाचणीचे नसल्यामुळे त्यांची तुलना स्थूलमानानेच केली पाहिजे. तरी कल निःसंदिग्ध आहे. झाड मोठे करून नव्हे, तर त्याचा काळ आखडून उत्पन्न वाढविले गेले आहे.

खानदेश-विदर्भातील हलक्या जमिनीत सप्टेंबरात पाऊस उघडला की ओल झपाट्याने कमी होते. उशिरा फुलणाऱ्या वाणाची वरची बोंडे नेमकी याच वेळी भरावयाची असतात आणि ती पोचट राहतात. लवकर येणारा वाण या टंचाईच्या आधीच आपले काम आटोपतो. शिवाय शेत रिकामे झाल्याने पुढील रब्बी पिकास वाव मिळतो. पर्णगुच्छ या रोगाचा प्रश्न मात्र केवळ लवकर येण्याने सुटत नाही. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या फायटोप्लाझ्मामुळे या रोगात फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके येतात आणि झाडाला बोंडच धरत नाही. अशा झाडाबाबत बोंडसंख्येची चर्चाच व्यर्थ ठरते. म्हणून निवडीच्या क्षेत्रात रोगट झाडे दिसताच ती वगळावी लागतात.

बोंड उघडण्याचा प्रश्न

आता आपण लेखाच्या आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे वळू. तिळाचे झाड खालून वर फुलत जाते व परिस्थिती अनुकूल असेपर्यंत फुलतच राहते. त्यामुळे तळाची बोंडे पिकत असता शेंड्याला फुले असतात. लवकर कापणी केली तर शेंड्याचे दाणे भरत नाहीत. उशीर केला तर तळाचे दाणे सांडतात. सुमारे तीन चतुर्थांश पाने व बोंडे पिवळी पडल्यावर कापणी करावी, ही शिफारस म्हणजे या दोन तोट्यांतील तडजोड आहे. चार दिवस मजूर मिळाले नाहीत किंवा कापलेल्या पेंढ्यांवर पाऊस आला, तर ही तडजोडही मोडते आणि पैदासकाराने अनेक वर्षांच्या परिश्रमाने वाढविलेले उत्पन्न शेतातच राहते.

न उघडणाऱ्या बोंडाचे एक झाड १९४३ मध्ये वेनेझुएलात डी. जी. लँगहॅम यांना आढळले. हा गुण एका अप्रभावी जनुकामुळे येतो असे त्यांनी दाखविले व १९४६ मध्ये त्यासंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला. अलिबाबाच्या कथेतील गुहा उघडणारा ‘सिमसिम’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ तीळ असाच आहे. लँगहॅम यांनीही आपल्या निबंधाच्या शीर्षकात या मंत्राची आठवण ठेवली. त्या काळी असे वाटले की हे एक जनुक सर्व वाणांत घातले की यंत्राने तिळाची कापणी सुरू होईल. तसे झाले नाही. त्या जनुकाबरोबर पाने वळलेली व वाटीसारखी, खोड वाकडे, जननक्षमता कमी असे दोष येत होते आणि उत्पन्न घटत होते. त्याखेरीज बोंड इतके चिवट होते की ते फोडताना पातळ कवचाचा दाणाच चिरडला जाई आणि त्याचे तेल लवकर खवट होई. गहू-जवाच्या इतिहासात एका अप्रभावी बदलाने जे साधले ते तिळात साधले नाही.

या अपयशातून अधिक नेमका विचार पुढे आला. प्रश्न बोंड उघडते की नाही एवढाच नसून उघडलेले बोंड दाणे धरून ठेवते की नाही हा आहे. बोंडाचे टोक थोडे उकलावे, आत हवा जाऊन दाणे वाळावेत, परंतु दाण्यांचा आधाराशी असलेला जोड, मधले पडदे व बोंडाच्या भिंतीची पकड यांमुळे दाणे वाऱ्याने न सांडता मळणीयंत्राच्या हलक्या माराने सुटावेत, अशा अनेक गुणांचा मेळ घालून अमेरिकेतील टेक्सासमध्ये यंत्राने कापता येणारे वाण तयार झाले. इस्रायलमध्ये अम्राम अश्री यांनी गामा किरणांच्या साहाय्याने मर्यादित वाढीचे उत्परिवर्तन मिळविले. त्यात खोडाची वाढ ठराविक ठिकाणी थांबते व बोंडे जवळजवळ एकाच वेळी पिकण्याकडे कल होतो. पैदाशीत दाता म्हणून त्याचा उपयोग विविध देशांत झाला.

तिळाच्या जनुकसंचाचे वाचन चिनी संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा अंदाजी आकार सुमारे ३५७ दशलक्ष आधारजोड्यांचा असून त्यात सुमारे २७ हजार जनुके नोंदली गेली. २०१५ मध्ये ७०५ वाणांच्या तुलनेतून तेलाचे प्रमाण व गुणवत्ता यांच्याशी निगडित जनुकस्थाने शोधण्यात आली. यामुळे अप्रभावी गुणाची झाडे रोपावस्थेतच ओळखणे शक्य होऊ लागले आहे, ही मोठी सोय होय. परंतु कोणता गुण हवा हे ठरविण्याचे काम रेणवीय खुणा करू शकत नाहीत. ते शेतकऱ्याची रीत पाहूनच ठरवावे लागते.

उपसंहार

महाराष्ट्रापुरता विचार करता टेक्सासचे उद्दिष्ट जसेच्या तसे उचलणे इष्ट नाही. आपला तीळ बहुधा लहान तुकड्यांत, पुष्कळदा मूग, बाजरी वा कापसाच्या जोडीने घेतला जातो आणि हातानेच झटकला जातो. अशा शेतकऱ्याला पूर्ण मिटलेले बोंड देणे म्हणजे त्याच्या खळ्यावरील श्रम वाढविणे होय. दुसऱ्या बाजूस मजुरांची टंचाई हे एक प्रमुख कारण होऊन, विशेषतः १९९० नंतर, खरीपातील पुष्कळ शेतकरी यंत्राने काढता येणाऱ्या सोयाबीनकडे वळले आणि तिळाचे क्षेत्र आक्रसले, हेही विसरता येत नाही. म्हणून कापणीस आठवडाभर विलंब झाला तरी बी न सांडणारे, पण पेंढी झटकताच सोडणारे, बोंड हे येथील पैदाशीचे व्यवहार्य उद्दिष्ट ठरावे. त्याच्या जोडीला एकसमयी पक्वता व ७५ ते ८५ दिवसांचा काळ हवा.

यासाठी चाचणीच्या पद्धतीतही एक दुरुस्ती करणे अगत्याचे आहे. उत्पन्नाच्या चाचण्यांत प्रत्येक वाण योग्य दिवशी, काळजीपूर्वक कापला जातो. त्यामुळे सांडण्याचा दोष आकड्यांत उतरतच नाही. प्रत्येक वाणाचा एक भाग वेळेवर व दुसरा आठ-दहा दिवस उशिरा कापून दोन्ही उत्पन्नांतील अंतर नोंदविले, तर बी राखण्याचा गुणही मोजता येईल, आणि जे मोजता येते त्याचीच निवड करता येते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधासाठी हा विषय सहज हाती घेता येईल. त्यास मोठी साधनसामग्री लागत नाही; लागतात ती दोन-चार वाणांची शुद्ध बियाणी, थोडी जमीन आणि बोंडे मोजण्याची चिकाटी.

उद्याच्या उत्खननात जळलेले तीळ हाती आले, तर ते कोणत्या अवस्थेतील बोंडांतून आले असतील याचाही अंदाज पैदासकाराच्या या नोंदींवरून अधिक विश्वासाने करता येईल. इतिहासकाराला जेथे खूण सापडत नाही तेथेच पैदासकाराचे काम अपुरे आहे. प्राचीन शेतकऱ्याने बियाची झोप मोडली व कवच नितळ केले. बोंडाची पकड घट्ट करणे त्याने पुढील पिढ्यांकडे सोपविले आहे.